चामोर्शीचा बिनवासाचा तांदूळ

चामोर्शीला जायचं ठरलं ते सुमित्राच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या नाकासाठी. हिवाळ्यात तिला मोठा ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. एकदा गॅसवर भाजी करपली तर जवळच बसलेल्या तिला कळलं नाही; भिंतीपलीकडची शेजारीण धावत आली. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास हुंगत राहा, कदाचित परतेल. तिच्या ओळखीचे वास चामोर्शीकडे, माहेरच्या वाटेवर, म्हणून मार्चअखेर निघालो. मी सातवी शिकलेला. घड्याळदुरुस्ती जुनी घड्याळं उघडून एकट्याने शिकलो. नोंदीशिवाय काम करत नाही. वही घेतली : ठिकाण, वास, आला की नाही.

जाणाऱ्यांनी चंद्रपूरहून सकाळची आष्टीमार्गे एस.टी. धरावी आणि उजवीकडे बसावं. ऊन डावीकडून येतं. गोंडपिपरीला गाडी चौदा मिनिटं थांबली. (कंडक्टर दहा म्हणाला होता.) वीस रुपयांत दोघांची गरम सांबारवडी झाली, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. मी वडी फोडून तिच्या नाकाशी धरली.

"आला?"

"नाई."

पुढे जंगलात गाडी थांबली तेव्हा बाया मोहफुलं वेचत होत्या. त्या गोड, जड वासानं अख्खी बस भरली. "आता?" "नाई जी." आष्टीजवळ वैनगंगेच्या पुलावर ओल्या रेतीचा वास आला, मला. मी विचारण्याआधीच ती म्हणाली, "लिहा, नाई." आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मी लिहिलं, वेळेसकट.

चामोर्शीत आठवडी बाजार भरला होता. वार विचारूनच जा, एरवी मजा नाही. मार्कंड्याचं देऊळ इथून जवळ, पण आमचं काम वासाच्या तांदळाशी होतं. तांदूळ घ्यावा तर सुमित्रानं. मूठभर तळव्यावर घ्यायचा, चोळायचा, तोंडाची वाफ सोडायची आणि हुंगायचा. घरात हा मान तिचाच.

एका चाचांच्या दुकानापुढे ती बसली. पोत्यात हात घातला, चोळला, हुंगला. मग माझ्याकडे पाहून हसली.

"आला! काय वास सुटला हो!"

चाचा गोंधळले. "बाई, हा साधा आहे. वासाचा चिन्नोर त्या बाजूच्या पोत्यात. याले कायचा वास?"

सुमित्राचा हात तसाच राहिला. मी मूठभर उचलून हुंगला. चाचांचं खरं होतं. लोकांच्या चुका काढायची मला सवय, तोंड उघडलंसुद्धा.

"मले बी येऊन राह्यला," मी म्हणालो. "याचाच द्या चार किलो."

चाचांनी तोलून दिला. "दोघंही नाक दाखवून घ्या भाऊ. घरात एक तरी चालू पाह्यजे."

परतीच्या गाडीत मी वही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी तिनं त्याच तांदळाचा भात केला.

"खरं सांगा, वास आहे याले?"

"नाही."

"मले मालूम होतं. पण किती खेप नाई म्हणू तुमाले? तुम्ही लिहून राह्यले, अन् मी नापास होऊन राह्यली." मग तिनंच विचारलं, "मंग तुम्ही काऊन घेतला?"

"तू आला म्हणालीस ना."

तिनं भाताचा गंज माझ्याकडे सरकवला. "बरं, बिनवासाच्या भाताचा वास कसा असते, ते तरी सांगा."

मी गंजावर वाकलो. असलं काही कुणाला सांगायची वेळ कधी आली नव्हती. "धुतलेल्या सुती कापडासारखा. अजून ऊन न लागलेल्या."

तिनं डोळे मिटले. "पेज! माय पेज गाळून लुगड्याले खळ करे. दोरीवरच्या त्या ओल्या लुगड्यात मी लपून राहो. माय म्हणे, निघ वं, लुगडं चुरगळते..."

भात निवेपर्यंत ती बोलत होती.

वास अजून आलेला नाही. रोज जेवताना ती विचारते, मी सांगतो. चुकलं तर ती आठवणीतून दुरुस्त करते. काल मी दोनदा चुकलो.