लाइट गेली की सारं साफ

वणीचा कोळसा वीज करायला कुठे कुठे जातो, आणि त्या वर्षांत लाइट मात्र आमचीच जायची. आजही आठवलं की डोकं फिरतं.

आमच्या पुढच्या खोलीत दादाचं सायबर कॅफे होतं. कापसापायी शेतकरी जीव देत होते, जिल्हा तेव्हा रोज पेपरात. बाहेरगावचे पत्रकार रडणाऱ्या बायांचे फोटो पाठवायला आमच्याकडं यायचे आणि शेजारी गेम खेळणारी पोरं पाहून नाक मुरडायचे. पोरांनी काय, यांच्या फोटोसाठी उंबऱ्यावर रडत बसायचं होतं?

गेम फुकट होता, कारण तो कंपनीच्या सर्व्हरवर चालतच नव्हता. कुणीतरी त्या सर्व्हरची नक्कल करून कोड नेटवर टाकला होता. तो आमच्या कोपऱ्यातल्या मशीनवर मी बसवला. मी! दादाला फक्त मशीन चालू-बंद करता यायची. कम्प्युटर क्लासमधले सर सी भाषा फळ्यावरून उतरवून घ्यायला लावायचे आणि काही विचारलं की म्हणायचे, "पाठ कर." खरी शिकले ती या नकलेत. मुख्य कोड सी प्लस प्लसमध्ये, राक्षसांच्या चाली लुआमध्ये, पोरांची कमाई एसक्यूएलच्या तक्त्यांत, आणि मधल्या टिपा चक्क रशियनमध्ये. पण "पोरीच्या जातीले हे कायले पाह्यजे?" असं त्यातल्या एकाही भाषेनं मला विचारलं नाही.

त्या कोडात एक गोम होती. खेळणारा नीट बाहेर पडला तरच त्याची कमाई सेव्ह व्हायची. लाइट गेली की सोनं, तलवारी, सारं साफ. पोरं दादाला शिव्या घालायची, समोरच्या कॅफेत जायची धमकी द्यायची. नेटवर विचारलं तर तिथले शहाणे हसले, इतकी लाइट जाते तरी कुठे? तुमच्या घरची जात नाही म्हणून सुचतं हे! शेवटी मीच एक छोटा प्रोग्राम लिहिला, थोड्या थोड्या वेळानं सगळ्यांची कमाई सेव्ह करणारा. तो रोज सकाळी, आणि लाइट परत आली की पुन्हा, हातानं चालू करावा लागे. कॅफे झाडून झालं की मी तो चालू करायची.

पोरं खूश. दादा कॉलर ताठ करून सांगत फिरला, "म्या बनवलं." आईकडं तक्रार केली तर ती म्हणाली, "भाऊच आहे ना तुहा? त्याचं नाव झालं तं काय बिघडलं?" माझं बिघडलं. मी केलेलं माझ्या नावावर राहावं, एवढंच मला पाहिजे होतं.

मग मला पाहायला यवतमाळहून पाहुणे आले. सकाळपासून साडी, पावडर, पोहे. कॅफेत पाऊलही टाकू दिलं नाही. मुलाच्या काकांनी विचारलं, "कम्प्युटर येते का?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "टायपिंग येते थोडी. कम्प्युटरवाला आमचा पोरगा. गेमचा सर्व्हर बनवला त्यानं." दादा मान खाली घालून लाजला. मेल्याला लाजताही येत होतं!

तेवढ्यात लाइट गेली. चहा होईस्तोवर परत आली, आणि पुढच्या खोलीत बोंब उठली, "सकाळपासूनचं सारं गेलं!" दादा धावत गेला आणि तसाच परत आला. पाहुण्यांदेखत माझ्याकडं वाकून म्हणाला, "अवं, सेव्ह काहून नाही झालं?"

"मले कायले विचारून राह्यला? बनवलं तं तूच."

"चालू कसं करतेत, ते तरी सांग ना!"

काका दादाकडं पाहत होते, बाबा चहाच्या कपात. मी ट्रे खाली ठेवला आणि साडीतच कॅफेत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी फटकळ आहे. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दादानं माझ्यासमोर पुन्हा कधी "म्या बनवलं" म्हटलं नाही, पण माझ्यामागं अजून म्हणतो. मागच्या दिवाळीत स्वतःच्या लेकीला सांगत होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि तिला म्हटलं, "विचार तुह्या बापाले, चालू कसं करतेत ते."