चार बोटं जागा

माझ्या फजितीच्या गोष्टी शारजात बऱ्याच जणांना पाठ आहेत. मंडळाच्या गणपतीत जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "जोशी, ती अब्राची सांगा." मग मी सांगतो. बर दुबईच्या धक्क्यावर एक पाय अब्रात, म्हणजे खाडी ओलांडायच्या बोटीत, एक पाय काठावर, आणि मी मध्ये पसरत चाललोय. लोक हसतात, मीही हसतो. स्वतःवर हसणारा माणूस फार मोकळा असतो, असा समज आहे ना लोकांचा?

ही एक गोष्ट मात्र मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

मी लाकडी घरं विकतो. वाळवंटात! — हसा, हसण्यासारखंच आहे. इथल्या श्रीमंत लोकांची शहराबाहेर शेतं असतात, आणि तिथे सुट्टीला जायला त्यांना लाकडी घर लागतं. आता आम्ही किट मागवतो. युरोपातून कंटेनर येतो, प्रत्येक फळीवर नंबर, सोबत चित्रांचं पुस्तक. पण सुरुवातीला एक घर आम्ही हाताने बांधलं होतं. अख्ख्या ओंडक्यांचं. बांधलं होतं म्हणजे — मेस्त्रींनी बांधलं होतं.

मेस्त्री कुडाळकडचे. साठीला टेकलेले, अंगाने काटकुळे. ओंडक्यावर ओंडका असा बसवायचे की मध्ये कागद सरकायचा नाही. चष्मा कपाळावर चढवायचे आणि मग शेडभर शोधत फिरायचे. "मेस्त्री, चष्म्याला मिस्ड कॉल द्या," असं मी म्हणायचो. ते मनापासून हसायचे. मला साहेबानू म्हणायचे — मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि लाकडातलं मला इतकंच कळायचं की ते जळतं.

रास अल खैमाजवळच्या शेतावर घर उभं राहिलं. भिंती झाल्या, छप्पर झालं, दारं-खिडक्या बसल्या. मेस्त्री मुलीच्या लग्नासाठी वीस दिवस गावी गेले. आणि मॅनेजरचा फोन आला — शुक्रवारी अरबाब, म्हणजे शेताचा मालक, घर बघायला येतोय, सगळं फिनिश दिसलं पाहिजे, यल्ला, लवकर.

मी साइटवर गेलो. बघतो तर प्रत्येक दाराच्या, प्रत्येक खिडकीच्या चौकटीवर चार बोटं फट. आत नुसता काथ्या कोंबलेला. दोन दारं, पाच खिडक्या, सगळीकडे तेच. मला वाटलं, म्हाताऱ्याचं माप चुकलं.

आता हे इथे असं लिहून पुढे जाणं सोपं आहे. मला काय माहीत होतं? मला कोणी सांगितलं होतं? — इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

सांगितलं होतं. जायच्या दिवशी, बॅग गाडीत ठेवून, ते मला खिडकीपाशी घेऊन गेले होते. फटीत चार बोटं घालून म्हणाले, "साहेबानू, ह्येका हात लावू नकात. लाकूड बसतला." ओल सुकते, ओंडके आकसतात, सगळी भिंत हळूहळू खाली येते — तिला उतरायला जागा लागते. मी फोनवर होतो. फोनवरच्या माणसाला "यस सर" म्हणत होतो आणि मेस्त्रींना मान डोलावून हो म्हणत होतो. हो म्हणालो होतो मी.

शुक्रवारच्या आधी मी तो काथ्या उपसला, लाकडाच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि हातोड्याने एकेक फट ठासून भरली. वर सुबक झाकणपट्टी मारली. अंगठ्याचं नख काळं पडलं. आयुष्यात मी स्वतःच्या हाताने केलेलं सुतारकाम ते एवढंच. अरबाब खूश झाला. माझ्याही छातीला जरा फुगायला जागा मिळाली.

मेस्त्री परतले तोवर घर अरबाबच्या ताब्यात गेलं होतं. मग उन्हाळा आला. इथला उन्हाळा. ओंडके सुकले, भिंत खाली यायला निघाली आणि माझ्या पट्ट्यांवर येऊन अडली. दारं घट्ट बसली. खिडक्यांच्या काचा एकामागून एक तडकल्या. कोपऱ्यांमध्ये ओंडके एकमेकांपासून सुटून हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. अरबाबने घर पाडून टाकायचं ठरवलं.

आम्ही तिघं तिथे उभे होतो — मॅनेजर, मी, मेस्त्री. मेस्त्री खिडकीच्या वरच्या पट्टीवरून बोटं फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळले. "साहेबानू, हय जागा होती मां?"

आवाजात आरोप नव्हता हो. ते मला साक्षीदार समजून विचारत होते. पट्टी उचकटली असती तरी सगळं दिसलं असतं. पण घर पाडायला अरबाब स्वतःची माणसं लावणार होता, आम्ही आता कशालाही हात लावायचा नाही म्हणून त्याने बजावलं होतं, आणि मला तेवढा आडोसा पुरला.

मी म्हणालो, "जागा कुठली, मेस्त्री? तुम्हाला तुमचा चष्मा कुठे असतो तेवढं तरी आठवतं का?"

मॅनेजर हसला. माझ्या बोलण्यावर लोक हसतातच.

मेस्त्रींनी कपाळावर हात नेला. चष्मा तिथेच होता. म्हणाले, "तुमी सांगतास म्हणजे नसतली."

त्या महिन्यात त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. कंपनीने हाताने घरं बांधणं बंद केलं, किट आणायला घेतलं, आणि मला त्या खात्याचा मॅनेजर केलं. पहिल्या किटच्या पुस्तकात एक चित्र होतं — खिडकीवरच्या फटीत लाकूड ठोकणारा माणूस, आणि त्याच्यावर मोठी लाल फुली. माणूस टकला होता. माझ्यासारखाच.

ते चित्र बघितलं त्या दिवशी मेस्त्रींना फोन करता आला असता. मी नंबरही काढला होता. केला नाही.

पाचेक वर्षांनी गोव्याला जाताना वाट वाकडी करून मी त्यांच्या घरी गेलो. खजुराचा डबा घेऊन! मेस्त्रींना कोण आनंद. शेजारपाजारचे चार जण बोलावले, मला खुर्ची दिली आणि गोष्ट सांगायला बसले. तिकडे अरबाबच्या शेतावर घर बांधलं, सगळं बांधलं, आणि खिडकीवर जागाच सोडायला विसरलो — काचा कशा तडकल्या, अरबाब कसा थयथयाट करत होता, अगदी हातवारे करून. लोक हसत होते. शेजाऱ्यांना शेवट आधीच ठाऊक होता, इतक्या वेळा ऐकलेली. मी सांगतो तशीच सांगत होते ते, स्वतःवर. गोष्ट माझी होती. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "काय साहेबानू, खोटा सांगतंय?"

मी म्हणालो, "नाही हो मेस्त्री. अगदी असंच झालं."

तेव्हाच त्यांच्या मुलाने विचारलं. परसात पाहुण्यांसाठी लाकडी घर बांधायचं होतं. बाबा म्हणत होते मी बांधतो, माझं हे शेवटचं. "पण साहेब, तिकडे असं झाल्यावर त्यांच्यावर सोडायचं कसं? तुम्हीच सांगा — हाताने बांधू, की किट घेऊ?"

मेस्त्री माझ्याकडे बघत होते.

एका वाक्याचं तर काम होतं. फट मी भरली. तीन शब्द. समोर चहा होता, शेजारी हसून डोळे पुसत होते, आणि मी म्हणालो, "किट बरं."

"साहेब बरोबर सांगतत," मेस्त्री म्हणाले, आणि बशी उचलून आत ठेवायला गेले.

दोन वर्षं झाली, ते गेले. त्याआधी, घर उभं राहिलं तेव्हा, मुलाने मला फोटो पाठवला होता. नव्या किटचं घर. मेस्त्री खिडकीपाशी उभे, चष्मा कपाळावर, आणि चौकटीवरच्या फटीत चार बोटं घातलेली. खाली मुलाने लिहिलं होतं — बाबा म्हणतायत, ह्या लोकांनी आठवणीने जागा सोडली हो.

मी त्यावर अंगठा पाठवला.