सॉरी मी म्हटलं नव्हतं

"शी सेज शी इज सॉरी."

मी असं काही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, या माणसाने फॉर्म खोटा भरला. विमा कंपनीचं ऑफिस. समोर गोरा साहेब, त्याच्या बाजूला तो फॉर्म भरणारा मराठी एजंट. मला इंग्रजी येत नाही म्हणून दुभाषाही त्यालाच केलेलं. ज्याच्याविरुद्ध बोलायला गेले, माझी जीभ त्याच्याच हातात दिली.

नवरा जाऊन दोन महिने झाले होते. कंपनी म्हणाली, त्याने मधुमेह लपवून विमा काढला, काही मिळणार नाही. मेलेला माणूस खोटारडा ठरला.

साहेब मान हलवत होता, कीव आल्यासारखा. एजंट माझ्याकडे वळला. हळूच म्हणाला, "बाई, सही करा आणि घरी जा. शिकलेल्यांच्या कामात तुमच्यासारख्यांनी तोंड घालू नये."

तुमच्यासारख्यांनी. हा शब्द मी गावच्या शाळेत ऐकला होता. चौथीनंतर शाळा सुटली. इथे परदेशात, डँडेनॉन्गमध्ये, तोच शब्द टाय लावून आला.

हा एजंट पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि चहाला हात लावला नाही. तरी आम्ही विश्वास ठेवला. आमच्या भाषेत बोलत होता ना. इंग्रजी कागद आला की त्याच्याकडून वाचून घ्यायचो. डॉक्टरांचं पत्रसुद्धा त्यानेच वाचून दाखवलं: मधुमेह आहे, गोळ्या चालू ठेवा. पत्र फायलीत ठेवतो म्हणाला. आठवड्याने विम्याचा फॉर्म भरायला बसला. नवऱ्याने गोळ्यांची डबी टेबलावर ठेवली, हे लिहा म्हणाला. "ते मी बघतो," एजंट म्हणाला. आणि आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. आजार लिहिला तर विमा होत नाही, विमा झाला नाही तर कमिशन नाही.

पण सॉरी मला कळत होतं. सहा वर्षं कोंबड्यांच्या कारखान्यात लाइनवर उभी होते. चूक कुणाचीही असो, सुपरवायझरपुढे तो शब्द मीच म्हणायचे. त्या दिवशी मी उठले. साहेबाच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नो सॉरी. ही लाय." खोटं बोलतो हा. सही केली नाही.

लाइनवर माझ्या शेजारी युनियनची एक ग्रीक बाई होती. ती म्हणाली, तक्रार कर, सरकारी दुभाषा माग, फुकट मिळतो. चौकशी लागली. दुभाषी आली वसईची, गळ्यात क्रूस. मी म्हटलं, जसं बोलते तसं सांगा, शिवीसकट. तिने सांगितलं, चेहरा न हलवता.

एजंट शपथेवर म्हणाला, आजार मला ठाऊकच नव्हता. मी म्हटलं, त्याची फाईल उघडा. कंपनीने ती आणलीच होती. डॉक्टरांचं पत्र आत होतं, फॉर्मच्या आधीच्या तारखेचं. फाडून टाकायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं. आम्ही कधी विचारू, हेच त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याचा चेहरा बघत बसले. पोट भरून बघितला.

निकालाआधीच्या रविवारी तो बायकोला घेऊन दारात आला. पहिल्यांदा मला वहिनी म्हणाला. तक्रार मागे घ्या, पोटावर पाय देऊ नका. बायको रडत होती. मी जाळीचं दार उघडलं नाही. ते निघून जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. मला कीव आली नाही. अजूनही येत नाही.

कंपनीला विम्याचे पैसे द्यावे लागले. त्याचा परवाना रद्द झाला.

वर्षभराने कानावर आलं, तो सिडनीत, ब्लॅकटाउनला आहे. परवाना बायकोच्या नावावर, फॉर्म भरतो हाच. मी रजा टाकून बसने सिडनी गाठली. तिथल्या गणपतीच्या जेवणात एकेका बाईजवळ जाऊन सांगितलं, तो समोर जेवत असताना. मग पुन्हा तक्रार. तोही परवाना गेला.

आता तो म्हातारा झाला, मीही झाले. कुठे त्याचं नाव निघालं की मी एवढंच विचारते, फॉर्म भरतो का? भरत असेल तर मी येते. जिवंत आहे तोवर त्याला कुणाच्या टेबलाशी बसू देणार नाही.

माझा नवरा वेल्डर होता. त्याने काही लपवलं नव्हतं. मी चौथी शिकलेली, कोंबड्या साफ करणारी. त्या ऑफिसात, साहेबासमोरच्या खुर्चीवर मी बसले होते, आणि सॉरी म्हटलं नव्हतं.