अर्ध्या कुळगावाचे पासवर्ड

साधा झाडू घ्यायचा तरी मी चार दुकानं फिरतो आणि शेवटी पहिल्या दुकानातलाच घेऊन येतो. त्यामुळे मी पासवर्ड मॅनेजर निवडायला बसतोय म्हटल्यावर बायकोने आधीच कपाळाला हात लावला.

अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर मी कुळगावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान टाकलं. दाखले, शिष्यवृत्त्या, प्रवेश, सातबारा, काय म्हणाल ते. फॉर्मसाठी खातं उघडावं लागतं, खात्याला पासवर्ड लागतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्हीच टाका काहीतरी, आणि तुमच्याकडेच ठेवा." मी ते एका लांबलचक रजिस्टरमध्ये लिहीत गेलो. लोक दोन-दोन वर्षांनी उगवायचे आणि विचारायचे, "दादा, माझा पासवर्ड काय हो?" मग मी चष्मा चढवून, पानं उलटून, डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तसा तो वाचून दाखवायचो. अर्ध्या कुळगावाच्या किल्ल्या आपल्या कमरेला आहेत, ही भावना मला भारी आवडायची. खोटं कशाला बोलू?

एक दिवस एका गृहस्थांनी रजिस्टर स्वतःकडे फिरवलं आणि त्यांच्या शेजारणीचा पासवर्ड मोठ्याने वाचला. शेजारीण मागच्या बाकावरच बसलेली. त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणतात. मी ठरवलं, बस्स झालं, आता आधुनिक व्हायचं, सगळे पासवर्ड एका कुलुपात सांभाळणारा मॅनेजर लॅपटॉपवर घ्यायचा.

तीन आठवडे मी निवडत होतो. एका ड्रॉइंग पेपरवर रकाने आखले. एक मॅनेजर फुकट होता म्हणून संशय आला, एक महाग होता म्हणून राग आला, आणि एक इतका सुरक्षित होता की त्याचं पान माझ्या लॅपटॉपवर उघडेचना. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: वैयक्तिक हवा की व्यवसायासाठी? त्यावर मी आठवडाभर अडकलो. माझ्या रजिस्टरात तलाठ्याच्या साइटखाली घरचा गॅस, आणि गॅसखाली बायकोच्या शाळेचं लॉगिन. वैयक्तिक कुठे संपतं आणि धंदा कुठे सुरू होतो, हे मलाच माहीत नव्हतं, त्या बिचाऱ्या वेबसाइटला काय सांगू?

शेवटी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेलो. तिथल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून मी प्रिंटरची शाई आणि कागद घेतो. दोन दुकानं आणि एक गोडाऊन सांभाळणारा माणूस, काहीतरी वापरत असणारच. "साईं, पासवर्ड का मॅनेजर कौनसा रखा है?" मी विचारलं. त्याने गल्ल्याशेजारी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवलं. "ये." ती मान वर न करता म्हणाली, "और ये रोज पूछता है."

घरी येऊन मी तोच फुकटवाला घेतला, जो पहिल्या दिवशी पाहिला होता.

त्याची एकच अट होती. एक मुख्य पासवर्ड ठेवायचा, लांबलचक वाक्याचा, तुमच्याशिवाय कुणाला न सुचणारा. तो विसरलात तर आम्हीही काही करू शकत नाही, असं लाल अक्षरांत लिहिलेलं. मी अकरा वाक्यं तयार केली. "मी कारखान्यात कधीच उशिरा पोचलो नाही." हे धडधडीत खोटं, म्हणून कुणी ओळखणार नाही. "बायकोच्या हातची भेंडी मला फार आवडते." कारण तेच. त्यातलं एक मी घातलं, सगळे पासवर्ड आत भरले आणि रजिस्टर पाण्याच्या बादलीत साबुदाण्यासारखं भिजत टाकलं. बायको म्हणत होती, "अहो, महिनाभर तरी राहू द्या ते." मी म्हणालो, "तुला सुरक्षितता कळत नाही."

आठ दिवसांनी, भर दुपारी, खरवईकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी दुकानात आली. तिचं नर्सिंगच्या प्रवेशाचं खातं मीच उघडून दिलं होतं. कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस, आणि साइट पाचला बंद होणार होती. घरातून शिकायला बाहेर पडणारी ती पहिलीच. "काका, पासवर्ड द्या," ती म्हणाली.

"आता रजिस्टर-बिजिस्टर काही नाही," मी ऐटीत लॅपटॉप उघडला. मॅनेजरने मुख्य पासवर्ड मागितला. मी कारखान्याचं वाक्य टाकलं. चूक. भेंडीचं टाकलं. चूक. आठवतील ती सगळी टाकली. चूक, चूक, चूक. अकरा वाक्यांतली मला नऊच आठवत होती. पोरगी घड्याळाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

"विसरलात, तर प्रवेशाच्या साइटवर माझा नवा घेता येतो की," ती म्हणाली. येतो, पण ओटीपी गेला माझ्या जुन्या नंबरवर, आणि तो मी गेल्या वर्षी बंद केला होता. हो, तिच्या खात्यावर माझा नंबर! दुसरा मार्ग होता ओळखीच्या प्रश्नाचा. तुमचा आवडता पदार्थ कोणता?

"पुरणपोळी," ती लगेच म्हणाली. चूक. "मग गुलाबजाम?" चूक. आता एकच संधी, नाहीतर खातं दिवसभर बंद. तिचे डोळे भरून आले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तसं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अळूवडी टाक."

"काका, मला अळूवडी खाजते."

"टाक तू."

खातं उघडलं. घाईगर्दीत मी सगळ्यांच्याच प्रश्नांना माझी उत्तरं देत आलो होतो. कागदोपत्री अर्ध्या कुळगावाला अळूवडी आवडत होती, आणि सगळे माझ्याच शाळेत शिकले होते. तिच्या खात्यात नंबर माझा, ईमेल माझं, आवड माझी. नाव आणि मार्क तेवढे तिचे होते. लाज वाटली मला, अगदी मनापासून.

घाईत मीच नेहमीच्या छापाचा नवा पासवर्ड ठोकला. तिने भराभर कॉलेजं निवडली, फॉर्म गेला, पावती छापून हातात आली. पाच वाजायला वीस मिनिटं होती. मी घाम पुसला. वाटलं, आता पोरगी उठेल, "थँक्यू काका" म्हणेल आणि जाईल.

ती उठली नाही. तिने नंबर बदलून स्वतःचा टाकला. ईमेल बदललं. मग कीबोर्ड हलकेच माझ्यासमोरून स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "काका, रागावू नका हं. तुम्ही जरा तिकडे बघता?"

मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे बराच वेळ टकटक चालू होती.

"लक्षात राहील ना गं?" मी भिंतीलाच विचारलं.

"राहील की," ती म्हणाली. "माझाच आहे ना, काका."