भाचा पुढं बसला तेव्हा

गाडी कशी चालवावी हे कुणाला सांगण्याएवढा मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लायसन्स काढून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तरी लिहितो. चुकलं तर माफ करावं.

दिवाळीनंतर ताई, दाजी आणि तीन वर्षांच्या भाच्याला घेऊन मी टेंभुर्णीहून जालन्याला निघालो. गाडी दाजींची. ते माझ्या शेजारी पुढं बसले आणि भाच्याला मांडीवर घेतलं.

“दाजी, लेकराला मागं ताईजवळ बसू द्या,” मी म्हणालो.

“मागं रडतंय ते. तुम्ही हळू चालवा की, पाव्हणं. कॉलेजात हेच शिकवून राह्यले का?”

मागून ताई हसली. “मंग? दोन वर्षांत तेवढंच शिकला तो.”

मी किल्ली फिरवली. गाडी सुरू होताच पट्ट्यासाठी टीं टीं सुरू झालं. दाजींनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. पट्टा त्यांच्या अंगावरून न घेता पाठीमागूनच ओढून मीच तो खटक्यात अडकवला. आवाज थांबला.

वेग फार नव्हता. एका शेतातून ट्रॅक्टर एकदम रस्त्यावर आला आणि मी ब्रेक दाबला. धडक झाली नाही. पण दाजींचे हात स्वतःला सावरायला पुढं गेले आणि भाचा मांडीवरून सुटून समोर आपटला. कपाळातून रक्त आलं. तो रडला नाही, डोळे मिटून पडून राहिला.

जालन्यात दवाखान्याच्या दारात ते दोघं त्याला घेऊन आत पळाले. वॉचमन म्हणाला, “गाडी पुढं घ्या, जल्दी.” पुढं गल्ली अरुंद होत गेली. समोर टेम्पोतून माल उतरत होता, मागं रिक्षा येऊन लागल्या. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दुसरी गाडी. दार वीतभरही उघडेना. ताई फोन उचलत नव्हती.

दाजींवर राग काढावासा वाटला. पण किल्ली माझ्या हातात होती. लेकरू मागं बसल्याशिवाय निघत न्हाई, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. ते त्या बंद गाडीत मी कितीदा तरी मनात म्हटलं.

तासाभरानं ताईचा फोन आला. “डोक्याचा फोटो काढला. आत काही न्हाई म्हणले डॉक्टर. तीन टाके पडले. आता उठून बिस्कीट मागून राह्यलंय.”