खळ आणि नानकटाई

आमच्या घरी मैदा खाण्यासाठी येत नसे, तो खळीसाठी यायचा. बाबा गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ती नोकरी करत त्यांनी उरलेला सगळा वेळ कामगारांच्या घरांसाठी लढणाऱ्या समितीला दिला. सभा ठरली की पत्रकं छापून यायची आणि ती भिंतींवर चिकटवायला खळ लागायची. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर घोटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही आणि शेवटी चिमूटभर मोरचूद टाकायचं. त्याने कागदाला कसर लागत नाही. मोरचूद निळंशार दिसतं आणि विषारी असतं, म्हणून बाबा ती पुडी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवरून. माझ्यासाठी ‘ह’ हरणाचा नव्हता, हक्काचा होता.

आता आम्ही दिंडोशीला राहतो. मी, दादा, वहिनी, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि बाबा. आई गेल्यानंतर बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग आपण जेवलो की नाही ते, मग स्वतःच्या घराचा मजला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि हे मागे फिरणारं दुखणं नाही हेही सांगून टाकलं. गेल्या वर्षी गणपतीनंतर एकदा बाबा चहाचं आधण ठेवून गॅलरीत जाऊन बसले. पातेलं जळून काळं झालं. भाची तेव्हा आतल्या खोलीत चित्र रंगवत होती.

त्या संध्याकाळी दादाने विषय काढला. गावी धाकटे काका-काकी दिवसभर घरात असतात, अंगण आहे, पायाखालची वाट आहे. दिवाळी झाली की बाबांना तिकडे नेऊ या. मी भडकले. गिरणीने पिळून बाहेर टाकलेल्या माणसाला आता त्याच्याच मुलांनी टाकायचं का, असं विचारलं. बाबांच्या लढ्याबद्दल बोलले, या शहराबद्दल बोलले, खूप बोलले. वहिनी अंधेरीच्या ऑफिसातून नुकतीच आली होती. पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तुझं पत्रक वाचून झालं असेल तर एक विचारते,” ती म्हणाली. “दुपारी पोर शाळेतून येते तेव्हा घरात तू एकटी. तुझी ऑफिसची मीटिंग चालू असते, कानात हेडफोन. त्या दोघांकडे कोण बघतं गं?”

मी बघते, असं मी म्हटलं. वहिनीने पर्स खुंटीला लावली. दादाने दोघींकडे पाहिलं आणि दिवाळीपर्यंत थांबू म्हणाला. म्हणजे बाबा या घरात, या पोरीसोबत, धोका न होता राहू शकतात हे दाखवायला माझ्याकडे दिवाळीपर्यंतचा अवधी होता.

भाचीने तेव्हा केकचा हट्ट धरला होता. आमच्याकडे ओव्हन नाही. मी शोधून शोधून नानकटाई काढली, कारण ती कढईतही भाजता येते आणि तिच्यात हाताचं काम भरपूर असतं. सवयीचं काम हात लवकर विसरत नाहीत, असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. एका रविवारी दादा-वहिनी कंदील आणि पणत्या आणायला मालाडला गेले आणि आम्ही तिघांनी ओट्यावर पसारा मांडला.

तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन मी बाबांसमोर ठेवली. फेसायचं, एवढंच सांगितलं. त्यांचा तळवा फिरायला लागला आणि थांबेना. तूप पांढरं झालं, हलकं झालं. भाचीने त्यात मैदा, थोडं बेसन आणि वेलचीची पूड घातली आणि अर्धा मैदा स्वतःच्या फ्रॉकवर पाडला. मग गोळे वळायला बसलो. मी कणीएवढं पीठ तिच्या जिभेवर ठेवलं, तेव्हापासून ती दर गोळ्यानंतर बोट चाटू लागली. बाबांचे गोळे भलेमोठे होत होते.

“आजोबा, तू लाडू करतोयस,” ती म्हणाली.

“एवढ्याश्यान कोणाचा पोट भरतला गो?” बाबा म्हणाले आणि तिचे दोन गोळे उचलून त्यांनी त्यांचा एक केला. त्यावरून भांडण झालं. मी ते भांडण मन लावून ऐकलं. बाबा बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी भांडत होते.

कढईत मिठाचा थर, त्यावर रिंग, रिंगेवर ताटली, वर घट्ट झाकण. गोळे एकमेकांपासून लांब ठेवायचे, कारण ते पसरतात. अंगठ्याने मधोमध दाबून भाचीने प्रत्येकावर चारोळी बसवली. झाकण काढलं तेव्हा वरून तडकलेल्या, कडेला बदामी झालेल्या नानकटाया होत्या. बाबांनी एक तोंडात घातली आणि बेकरीतून आणल्या का, असं विचारलं. भाचीने ठणकावून सांगितलं की आपल्या आहेत. त्या दोघांचा फोटो काढून मी वहिनीला पाठवला. खाली काहीही लिहिलं नाही. तिने लगेच उत्तरादाखल हृदयाचा इमोजी पाठवला. मी जिंकले असं मला वाटलं.

दुसरा घाणा कढईत ठेवला आणि बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी रीडेव्हलपमेंटच्या सभेसाठी संमती मागत दारात उभे होते. आधी करार दाखवा, मग संमती मागा, असं मी म्हटलं. ते काहीतरी म्हणाले, मी त्याला उत्तर दिलं. बोलणं लांबलं.

आत आले तेव्हा वास बदलला होता. तुपाचा, वेलचीचा वास मागे पडून शिजत्या कच्च्या पिठाचा वास येत होता. तो वास मी झोपेतही ओळखेन. शेजारच्या शेगडीवर पातेलं होतं आणि बाबा पळीने घोटत होते. भाची बाजूला स्टुलावर उभी होती. बाबा तिला माझ्या नावाने हाक मारत होते. गुठळी होऊ द्यायची नाही, हात थांबवायचा नाही, असं समजावत होते. त्यांची पाठ ताठ होती. त्यांनी मान वळवली. समोर काम असलेल्या माणसाचा तो चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

“मोरचूद गावला गो,” ते समाधानाने म्हणाले.

पातेल्यातली खळ निळी होती. भाची माझ्याकडे वळली तेव्हा तिचे ओठही निळे होते. सकाळपासून ती पिठाचं बोट चाटत होती. तिच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं.

आमच्या घरात मोरचूद यायचं बंद होऊन कित्येक वर्षं झाली आहेत, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. मी गॅस बंद केले आणि तिचं तोंड नळाखाली धरलं. मग ओट्यावर आडवी पडलेली बाटली दिसली. कपड्यांना घालायची नीळ होती ती, बाथरूमच्या खिडकीतली. तरी मी तिचं तोंड धूतच राहिले. बाबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तिघंही रिक्षात बसलो. वाटेत बाबा मला पुन्हा पुन्हा विचारत होते, कोणाची पोर आजारी आहे?

डॉक्टरांनी मी निघताना काढलेला बाटलीचा फोटो पाहिला, तिला तपासलं, थोडा वेळ बसवून ठेवलं आणि काही होणार नाही असं सांगितलं. तिला खरंच काही झालं नाही. माझा फोन गेल्यावर वहिनी बाजारातून थेट तिथेच आली. ती ओरडेल आणि मी उत्तर देईन, याची मी तयारी करून बसले होते. लेकीला मांडीवर घेऊन तिने रुमालाने तिची हनुवटी पुसली. मग तिचं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांच्या हातावर मनगटापर्यंत खळ वाळून पापुद्रे सुटले होते. वहिनी उठली, रुमाल ओला करून आली आणि त्यांची बोटं एकेक करून पुसू लागली. बाबांनी लहान मुलासारखा दुसरा हातही पुढे केला.

घरी आल्यावर दादाने काकांचा नंबर लावला. लावण्याआधी त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला थांबवलं नाही. माझी सगळी वाक्यं अजूनही खरी आहेत. माणसाचे हात चालतात तोवर त्याला वापरणारं आणि मग त्याचं म्हातारपण एका दोन खोल्यांच्या घरावर ढकलणारं हे शहर मला आजही मान्य नाही. पण माझ्या प्रत्येक वाक्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाबांजवळ बसणारं एक माणूस हवं होतं, आणि ते आमच्यात नव्हतं. मीसुद्धा ते नव्हते.

दिवाळी झाल्यावर दादा गाडी करून त्यांना घेऊन निघाला. गावी जायचं म्हणून बाबा खुशीत होते. पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि पाणी बंद करून ठेवा रे, एवढं सांगून ते वहिनीचा हात धरून जिना उतरले. भाची शाळेच्या कपड्यांत दारात उभी होती. मी तिच्या बुटांची लेस बांधायला खाली बसले.

“आत्या, आजोबांना शिक्षा झालीय ना?”

“नाही गं.”

“पण खळ मी चाटली. आजोबांनी चाट म्हणून सांगितलं नव्हतं. मग तेच का जातायत?”

काहीतरी गोड सांगता आलं असतं. गावची हवा चांगली आहे, तिकडे आंबे आहेत. मला ते सांगवेना.

“आम्हाला त्यांना सांभाळायला जमलं नाही,” मी म्हटलं.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग गावच्या आजीला, म्हणजे आमच्या काकीला, जमेल का, असं तिने विचारलं. मी बघू म्हणाले. खाली गाडी सुरू झाली. आम्ही दोघी गॅलरीत गेलो आणि हात हलवला. बाबा पुढच्या काचेतून समोर बघत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.