दवात अडलेली गाडी

पहाटे पावणेपाचला आम्रपाली भरतच्या पडवीत उठून बसली, तेव्हा कुडपण गावावर धुकं इतकं उतरलं होतं की अंगणातली गाडीही दिसत नव्हती. तिला तेच हवं होतं. तोंड धुवायच्या आधी ती अंगणात गेली, बॉनेटवरून हात फिरवला, ओला तळवा पाहिला आणि भरतला हाक मारली.

गाडी भरतची, विजेवर चालणारी. पहिल्या पाळीच्या चार कामगारांना पोलादपूरहून महाडच्या औद्योगिक वसाहतीत सोडायचं, हे त्याचं रोजचं काम. त्यासाठी पाचच्या ठोक्याला कुडपण सोडावं लागे. अशा गाडीच्या बॅटरीत साडेतीनशे व्होल्टचा दाब असतो आणि तो गाडीच्या पत्र्याला कुठेही लागता कामा नये. लागेल अशी नुसती शंका आली तरी गाडी लाल दिवा लावते आणि जागची हलत नाही. दिवाळीपासून भरतची गाडी दोनदा तशी अडली होती. दोन्ही वेळा पाळी चुकली. तिसऱ्यांदा चुकली तर दुसरी गाडी लावू, असं कारखान्याच्या माणसाने सांगून टाकलं होतं. रविवारपर्यंत त्याचा चुलतभाऊ आपल्या जीपने कामगारांना सोडणार होता. सोमवारी पाचला ही गाडी निघायलाच हवी होती.

सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून घेतली होती. तिथल्या कोरड्या शेडमध्ये तिला काहीच झालं नाही. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दिलं, बॅटरी बदला. बॅटरी म्हणजे निम्मी गाडी.

मग भरतने ती महाडला हायवेवरच्या किशोरच्या गॅरेजात आणली. आम्रपाली तिथे कामाला होती. वय बेचाळीस. त्याआधी सतरा वर्षं तिने महाड शहरातल्या एका दुकानात पंपांच्या मोटारी भरल्या होत्या. जळलेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं. ते दुकान बंद पडल्यावर तिने पुण्याला जाऊन तीन महिने या गाड्यांचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, प्रमाणपत्र आणलं. तरी दोन वर्षं किशोरने तिला हॉर्न, दिवे आणि वायरिंग एवढंच दिलं. बॅटरीच्या कामाला तो पनवेलहून माणूस बोलवायचा.

या वेळी तिने काम मागून घेतलं. किशोर म्हणाला, सोमवारपर्यंत दोष सापडला तर यापुढे बॅटरीची सगळी कामं तुमची आणि त्या माणसाला देतो तो मोबदलाही तुमचा. नाही सापडला तर हॉर्न आणि दिवे आहेतच. गॅरेजात तपासली तर गाडी ठणठणीत. तेव्हा तिने भरतला एकच गोष्ट विचारली, गाडी अडते तेव्हा कुठे उभी असते? अंगणात, धुक्यात, असं तो म्हणाला. गुरुवारी संध्याकाळी ती त्याच्याबरोबर कुडपणला आली.

शुक्रवारी पहाटे भरतने बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्याचा चेहरा पडला, आम्रपालीचा खुलला.

तिने बॅटरीची वीज गाडीपासून तोडणारा तोडप्लग उपसून स्वतःच्या खिशात टाकला. मग दहा मिनिटं ती गाडीला शिवली नाही. भरत चुळबुळत म्हणाला, वेळ जातोय. तिने ऐकलं नाही. तारांत साठलेला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. दहा मिनिटांनी जाड रबरी हातमोजे घालून तिने दाब मोजला. शून्य आला तेव्हाच बॅटरीची मुख्य तार सुटी केली आणि गाडीकडच्या तारांना मेगर लावला. मेगर म्हणजे वीज कुठे झिरपते आहे का ते दाखवणारं यंत्र. आकडा जितका मोठा तितकी गळती कमी; तो शेकड्यांत यायला हवा होता. एकही भरला नाही.

म्हणजे बॅटरी सुटी होती आणि दोष तारांवर तसाच होता. बॅटरीला काही झालं नव्हतं. पण एवढ्याने भागत नव्हतं. त्या तारांवर चार्जर, हीटर, मोटार, एसीचा पंप अशी बरीच मंडळी जोडलेली होती. एकेक सोडवून दरवेळी मोजायचं. चार्जर काढला, आकडा तसाच. हीटर काढला, तसाच. एवढ्यात दोन तास गेले आणि ऊन आलं. तिसरं कनेक्टर काढायच्या आधीच आकडा आपोआप चढायला लागला. अर्ध्या तासात गाडी पुन्हा ठणठणीत.

भरतची आई आवडी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "पळाला जनू तुजा चोर."

"पळाला," आम्रपाली म्हणाली. "उद्या पळू देत नाय."

तो दिवस ती पडवीत बसून विचार करत राहिली. एकवीस सालच्या पुरानंतर त्यांच्या दुकानात शेकडो बुडालेल्या मोटारी आल्या होत्या. मालकाला घाई. वरून गरम हवा मारायची, मेगरचा आकडा चांगला आला की मोटार द्यायची. आठवड्यात त्यातल्या कितीतरी जळून परत आल्या. ओल आत तशीच होती. या गाडीच्या बाबतीतही जो तो आधी ती कोरडी करत होता आणि मग दोष शोधत होता. सुकल्यावर सापडणार काय?

संध्याकाळी तिने आवडीकडे रिकामी पोती मागितली. आवडीने चार पोती काढून दिली आणि विचारलं, गाडीला थंडी वाजते का?

शनिवारी पहाटे पुन्हा लाल दिवा. पुन्हा तोडप्लग, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा मेगर. या वेळी तिने पोती पाण्यात भिजवून बॉनेटवर आणि पुढच्या चाकांच्या बाजूंना टाकली, ऊन आलं तरी खालची ओल उडू नये म्हणून. सुरुवातही उलट्या टोकाने केली. गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले, स्वतः ओल्या जमिनीवर रबरी चटई टाकून आडवी झाली आणि सगळ्यात खाली असलेलं एसीच्या पंपाचं कनेक्टर ओढलं. भरतला आकडा वाचायला सांगितला.

"पाचशेच्या वर गेला, ताई."

तिने ते परत जोडलं. आकडा पडला. परत काढलं. चढला. तिसऱ्यांदा करून मगच ती बाहेर आली. कनेक्टरला डिझेलचा वास येत होता. आतलं पाणी अडवणारं रबरी कडं फुगून खाचेबाहेर लोंबत होतं. पितळी पिनांवर हिरवट साय धरली होती.

"खाली काय मारलंस?" तिने विचारलं.

भरतने पडवीतल्या एका डब्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "जळकं ऑइल आन् डिझेल. पावसाआधी. पत्रा गंजू नये म्हनून. इथं सगळेच मारतात."

"सगळ्यांच्या गाडीला हे रबर नसतं. डिझेल पिऊन ते फुगलं. खालून वाट झाली, दव आत गेलं."

"म्या बोलले व्हते," आवडी म्हणाली. "रेडा हाय का त्यो, तेल चोळायला?"

आम्रपालीने किशोरला फोन लावला. कनेक्टरसकट नवी तार मागवायला हवी, म्हणाली. किशोर खूश झाला, पण वेळेचं गणित त्याला बसेना. तो म्हणाला, पंप सुटाच ठेवा, सुरक्षेच्या तारेला जोड देऊन टाका, गाडी चालू होईल. कुडपणला एसी कोणाला हवाय?

"ती तार काही उघडं राहिलं तर गाडी बंद पाडायला आहे," ती म्हणाली. "तिला जोड दिला तर उद्या दुसरं काही सुटलं तरी गाडी चालतच राहील. आत चार माणसं बसतात, किशोरभाऊ. मी देणार नाही."

 मग किशोरने तारेसाठी पुण्याला फोन केला.

दुपारी कनेक्टर पुसून, सुकवून, आकडा नीट आल्यावर त्यांनी गाडी सावकाश महाडला उतरवली. रविवारी अकराला नवी तार एसटीच्या पार्सलने आली. ती बसवायला तासभर लागला. बाकीचा दिवस तिने स्वतःहून कामाला लावला. गाडीखालची अकराच्या अकरा कनेक्टर उघडली. आणखी तीन कनेक्टरांत तेल पोचलं होतं. कडी बदलली, पिना साफ केल्या, सगळं पोट योग्य द्रवाने धुऊन काढलं. किशोर म्हणाला, बिघडलं होतं ते एकच ना? ती म्हणाली, आज एक, आषाढात चार.

शेवटी गाडी सुकी असताना तिने मोजलीच नाही. खालून पाणी मारलं, ओली पोती बांधली, दोन तास थांबली आणि मग मेगर लावला. आकडा पाचशेच्या वर. तासाभराने पुन्हा. तेवढाच. रविवारी संध्याकाळी भरत गाडी घेऊन घाट चढला. ऑइलचा डबा पडवीतून काढून टाक, असं तिने त्याला दोनदा सांगितलं.

सोमवारी पहाटे ती घरी जागीच होती. पाच वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.

"निघालोय," भरत म्हणाला. "धुकं लय हाय." आणि फोन ठेवला.

किशोरने शब्द पाळला. कौतुक केलं नाही, पण बुधवारी पोलादपूरची विजेवरची एक बंद पडलेली रिक्षा आली तेव्हा पनवेलला फोन केला नाही. चावी आम्रपालीच्या हातात दिली. पुढच्या महिन्यापासून पगार वाढला. त्यानंतर अशा चुकीच्या तेलपाण्याच्या गाड्या तिच्याकडे इतक्या आल्या की मे महिन्यात गॅरेजबाहेर तिने खडूने पाटी लिहिली: विजेच्या गाडीला खालून ऑइल मारू नये.

वाढलेला पगार तिने दीड वर्ष बाजूला टाकला. तिचं घर महाडच्या खालच्या अंगाला, कौलारू, बैठं. एकवीस साली पाणी शिरलं तेव्हा तिने आणि म्हाताऱ्या आईने, कमळाबाईने, शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन दिवस काढले होते. त्या पैशांतून कौलं उतरवून स्लॅब पडला आणि वर एक खोली चढली. दहा बाय बारा, दोन खिडक्या. जिना बाहेरून, आणि कमळाबाईला धरायला भिंतीला लोखंडी पाइप. यंदा जुलैत पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा कमळाबाई तो पाइप धरून स्वतःच्या पायांनी वर गेली.